कच्चा लिंबू ते अंडर-थर्टीन: वयाच्या रेघेची गोष्ट

ऐकत असाल तर हेडफोन नीट लावा, वाचत असाल तर चहा घेऊन बसा. आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण मेसी-रोनाल्डोचा नाही. आजची गोष्ट एका साध्या प्रश्नाची आहे: "जन्मसाल काय?"

नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला निघालात, सोपारा मागे टाकलंत, की थोड्या वेळात निर्मळ येतं. गावाचं तळं, शंकराचार्यांच्या समाधीचं मंदिर, होली क्रॉस चर्च. कार्तिकातली जत्रा आणि जत्रेतली सुकेळी. बाहेरच्या लोकांना निर्मळ एवढ्यासाठीच माहीत असतं. पण या पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी, या सगळ्या गावांत संध्याकाळी एक आवाज हमखास ऐकू येतो. बॉलवर पडलेल्या लाथेचा. क्रिकेट आहेच, पण फुटबॉलही इथल्या रक्तात आहे.

आता असं समजा, मैदानाच्या कडेला एक प्लास्टिकचं टेबल मांडलंय. क्लबची नावनोंदणी चालू आहे. एक आई मुलाला घेऊन आली आहे. मुलगा चौथीत. टेबलावरचा दादा विचारतो, "जन्मतारीख?" आई सांगते, "एकतीस डिसेंबर." दादा वही बघतो आणि म्हणतो, "मग हा वरच्या गटात." मागे उभ्या असलेल्या चुलत भावाची तारीख निघते दोन जानेवारी. तो खालच्या गटात. दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर, उंचीही सारखीच. दोघांत अंतर दोन दिवसांचं, आणि गट वेगळे.

आई विचारते, "असं कसं?" दादा म्हणतो, "नियमच तसा आहे, ताई."

हा नियम आला कुठून? कोणी ठरवला? आणि मुख्य म्हणजे, कशासाठी ठरवला? आज तेच शोधूया.

आधी होता कच्चा लिंबू

वयोगट नावाची गोष्ट नव्हती तेव्हा पोरं काय करायची? आठवा, तुम्हीही केलंय. भात कापून झालं की रिकाम्या शेतात, नाहीतर वाडीच्या मागच्या मोकळ्या जागेत, जमतील तेवढी पोरं जमायची. त्यात आठ वर्षांचा असायचा आणि अठरा वर्षांचाही. दोन कॅप्टन, चप्पल उडवून टॉस, मग एकेक नाव घ्यायचं. सगळ्यात शेवटी कोणाचा तरी धाकटा भाऊ उरायचा. त्याला घरी पाठवायचं तर तो रडणार, आणि घेतला तर चेंगरणार.

यावर आपल्याकडे उत्तर होतं: कच्चा लिंबू. कुठे लिंबूटिंबू म्हणतात. म्हणजे तो खेळणार, पण त्याला आऊट नाही. त्याच्या अंगावर जोरात जायचं नाही. त्याचा बॉल लगेच हिसकावायचा नाही. कुठेही न लिहिलेला हा नियम महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत असतो. लगोरीत, लपाछपीत, फुटबॉलमध्ये, सगळीकडे चालतो.

मला विचाराल तर वयोगटाचं मूळ इथेच आहे. लहान आहे म्हणून त्याला बाहेर ठेवायचं नाही, त्याला खेळता येईल असा खेळ करायचा. पुढे कागद आला, शिक्का आला, कप आला, तरी मूळ विचार हाच. फक्त मधल्या काळात आपण तो थोडा विसरलो.

शाळेनं आखलेली रेघ

फुटबॉल आपल्याकडे आणला गोऱ्या सैनिकांनी. ड्युरँड कप १८८८ मध्ये सिमल्याला सुरू झाला, आणि मुंबईत रोव्हर्स कप १८९१ मध्ये. या स्पर्धा मोठ्या माणसांच्या, त्याही सुरुवातीला पलटणींच्या. रोव्हर्स कप पहिल्यांदा भारतीय संघानं जिंकला तो १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्स या संघानं. त्यात लहान मुलांचा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

मुलांना वेगळं काढलं ते शाळेनं. मुंबईत शाळांच्या क्रीडा संघटनेची मुळं १८९३ पर्यंत जातात. क्रिकेटच्या हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धा तुम्ही ऐकल्या असतील. हॅरिस शील्ड १६ वर्षांखालच्या मुलांची आणि गाइल्स शील्ड १४ वर्षांखालच्या मुलांची, अशी त्यांची ओळख आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ती हॅरिस शील्डमध्येच. तेव्हा सचिनचं वय होतं १४.

हे लक्षात ठेवा, कारण वयोगटाचा एक मोठा नियम यात दडलाय. लहान मुलगा मोठ्यांच्या गटात खेळू शकतो. मोठा मुलगा लहानांच्या गटात खेळू शकत नाही. वर जायला दार उघडं, खाली यायला बंद. का? कारण रेघ लहानाच्या रक्षणासाठी आहे.

शाळेला हे जमलं, कारण शाळेकडे रजिस्टर होतं. वर्ग होते, इयत्ता होत्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक जन्मतारीख लिहिलेली होती.

आता खरी गंमत सुरू होते. ती तारीख खरी होती का?

एक जूनची पिढी

घरी जा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. बरीच शक्यता आहे की जन्मतारीख असेल १ जून. शेजारच्या काकांचीही १ जून. गावच्या माजी सरपंचांचीही १ जून. दर वर्षी त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरतात: अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस म्हणून.

झालं असं, की शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन यायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "मोठा पूर आला होता ना, त्या साली." मग गुरुजी पोराकडे बघायचे, कधी डोक्यावरून हात घेऊन कान धरायला लावायचे. हात कानाला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं! आणि वय पूर्ण बसेल अशी तारीख टाकायचे, १ जून. कोणाचं वाईट करायचं म्हणून नाही, उलट पोराचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

वसईत मात्र दुसरीही एक वही होती. १५३४ ते १७३९, म्हणजे चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, हा भाग पोर्तुगीजांकडे होता. त्या काळापासून इथे चर्चं आहेत, आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद ठेवायची पद्धत आहे. कोणाचं मूल, कधी बाप्तिस्मा झाला, गॉडफादर कोण, सगळं लिहून. सोळाव्या शतकातच कॅथलिक चर्चनं अशा नोंदी ठेवायचा दंडक घातला होता. म्हणजे एकाच गावात एका घरचं मूल चर्चच्या वहीत तारखेनिशी होतं, दुसऱ्या घरचं पत्रिकेतल्या तिथीत होतं, आणि तिसऱ्या घरचं फक्त आजीच्या आठवणीत.

सरकारी बाजूनं जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकसारखा कायदा आला १९६९ मध्ये. आणि जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशासाठी पुरेसा पुरावा, ही तरतूद लागू झाली १ ऑक्टोबर २०२३ पासून, तीही त्या दिवसानंतर जन्मलेल्यांसाठी. बघा किती अलीकडची गोष्ट आहे! आपण "अंडर-थर्टीन" इतक्या सहज बोलतो, पण त्यासाठी लागणारी साधी गोष्ट, प्रत्येक मुलाची खरी जन्मतारीख, ती आपल्या देशात आत्ता आत्ता पक्की होते आहे.

कप आला आणि वय चोरीला गेलं

स्वातंत्र्यानंतर मुलांच्या फुटबॉलला मोठं मैदान मिळालं. १९६० मध्ये सुब्रतो कप सुरू झाला. हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची, शाळांच्या संघांची देशव्यापी स्पर्धा. १९६२ मध्ये राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा आली, बी. सी. रॉय ट्रॉफी. १९७७ मध्ये त्याहून लहानांसाठी मीर इक्बाल हुसेन ट्रॉफी.

याच काळात एक मोठी गोष्ट घडली, जी आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असते. १९७४ मध्ये बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेच्या फायनलमध्ये भारत आणि इराण २-२ असे बरोबरीत सुटले आणि दोघांना संयुक्त विजेतेपद मिळालं. कॅप्टन होता शब्बीर अली. हो, आपण आशियाचे युवा विजेते होतो!

पुढे जगानंही मुलांचे वर्ल्ड कप सुरू केले. १९७७ मध्ये ट्युनिशियात युवा वर्ल्ड कप झाला, १९८५ मध्ये चीनमध्ये १६ वर्षांखालचा. तोच १९९१ पासून १७ वर्षांखालचा झाला.

आणि इथेच गडबड झाली. कप आला की मान आला. मान आला की शाळेला नाव, कोचला बढती, पोराला पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा. १४ वर्षांखालच्या संघात मिशी फुटलेली पोरं दिसायला लागली. सुब्रतो कपसारख्या स्पर्धेतूनही वयाच्या कारणावरून संघ बाद झाले. ज्या कागदावर गुरुजींनी चांगल्या मनानं १ जून लिहिलं होतं, तोच कागद आता हिशेबानं लिहिला जाऊ लागला.

मग उत्तर शोधलं हाडात. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायचा, वाढणारी हाडं कुठवर जुळलीत ते बघायचं, त्यावरून वयाचा अंदाज बांधायचा. २००९ मध्ये नायजेरियात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपपासून फिफानं मनगटाचं एमआरआय वापरायला सुरुवात केली. पण हाड खोटं बोलत नाही असं म्हणताना एक लक्षात ठेवा, ते तारीखही सांगत नाही. कोणी लवकर वाढतं, कोणी उशिरा. चाचणी फक्त एवढंच सांगते, की हा मुलगा या गटात बसण्याची शक्यता किती.

यात नुकसान कोणाचं? ज्यानं वय चोरलं तो पकडला गेला तर त्याचं. पण त्याहून जास्त त्या खऱ्या तेरा वर्षांच्या पोराचं, ज्याची जागा सोळा वर्षांच्यानं घेतली. तो बाकावर बसला, दोन महिन्यांनी यायचा बंद झाला. त्याचं नाव कुठल्याच बातमीत येत नाही.

मैदान लहान करा!

आता चांगली बातमी. गेल्या काही वर्षांत विचार परत फिरलाय, आणि फिरून कुठे आलाय माहितीये? कच्च्या लिंबूकडे.

आधी काय व्हायचं? आठ वर्षांच्या मुलांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरा उभं करायचे. गोलपोस्ट मोठ्यांचा. गोलकीपर उडी मारूनही वरच्या दांडीच्या आसपास पोचायचा नाही. बॉलमागे वीस पोरांचा घोळका, आणि अर्ध्या पोरांचा पाय मॅचभरात दोनदाच बॉलला लागायचा. याला वयोगट म्हणायचे, पण खेळ मोठ्यांचाच होता.

मग जगभर एक गोष्ट पटत गेली: मुलांना लहान करता येत नाही, तर खेळ लहान करा. तीन-तीन, पाच-पाच, पुढे सात-सात, नऊ-नऊ, आणि साधारण तेरा-चौदाला पोचल्यावर अकरा. बॉलही तसाच: लहानांना ३ नंबरचा, मधल्यांना ४ नंबरचा, मोठ्यांना ५ नंबरचा. मॅच कमी मिनिटांची. बदली होऊन बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो. खेळाच्या नियमपुस्तकातच मुलांसाठी या सवलती द्यायची मुभा आहे. जर्मनीनं तर २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांसाठी छोट्या संघांचे सामने देशभर सक्तीचे केले, आणि सगळ्यात धाकट्यांच्या गटात गुणतक्ताच काढून टाकला. कोण पहिला, कोण शेवटचा, भानगडच नाही.

आपल्याकडे २०१७ हे वळणाचं वर्ष. १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांत मुलांच्या हाती फुटबॉल दिला गेला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं गोल केला, फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं बेबी लीगची योजना आणली. लहानग्यांसाठी, छोट्या मैदानावर, आई-बापांनीच चालवलेली लीग.

मग गावच्या क्लबनं करायचं काय?

आता परत त्या प्लास्टिकच्या टेबलापाशी येऊ.

गावच्या क्लबकडे काय असतं? एक मैदान, तेही क्रिकेटवाल्यांबरोबर आणि लग्नाच्या मांडवाबरोबर वाटून घेतलेलं. पावसाळ्यात चार महिने तळं. दोन-तीन कोच, बहुतेक जण विरार लोकलनं नोकरी करून संध्याकाळी येणारे. आणि साठ-सत्तर पोरं.

छोटे संघ इथे देवासारखे धावून येतात. एका मोठ्या मैदानात चार छोटी मैदानं बसतात. एका वेळी बावीस ऐवजी चाळीस पोरं खेळतात. सहा ते आठची मुलं पाठशिवणी आणि बॉल. नऊ-दहाची पाच-पाच. अकरा-बाराची सात-सात किंवा नऊ-नऊ. त्यावरची अकरा-अकरा. धाकटे आधी येतात, उजेड असतो तोवर आणि गृहपाठाच्या आत घरी जातात. मोठे नंतर. मोठ्या गटातली दोन पोरं आठवड्यातून एकदा धाकट्यांना शिकवतात. यानं कोचचं काम हलकं होतं, आणि त्या पोरांनाही कळतं की आपणही कधी एवढेच होतो.

पण जन्मतारखेच्या रेघेचा एक लपलेला अन्याय आहे, तो क्लबला माहीत हवा. १९८० च्या दशकात कॅनडात आइस हॉकीच्या निवड झालेल्या खेळाडूंच्या याद्या तपासल्या तेव्हा दिसलं, की जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खूप जास्त, आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेले खूप कमी. नंतर फुटबॉलच्या युवा संघांतही हेच सापडलं. कारण सोपं आहे. रेघ १ जानेवारीची. एकाच गटातला जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षानं मोठा. नऊ वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे केवढं! तो उंच, जोरदार. कोचला वाटतं हा "टॅलेंटेड" आहे. मग त्याला जास्त खेळवतात, जास्त खेळून तो खरंच चांगला होतो. आणि ३१ डिसेंबरचं पोर "अजून कच्चं आहे" म्हणून बाकावर.

कच्चं आहे, बरोबर. पण कच्च्या लिंबूला आपण बाकावर बसवत नव्हतो. त्याला खेळवत होतो.

म्हणून निवडीच्या वहीत नावापुढे फक्त साल नाही, महिनाही लिहा. प्रत्येक पोराला प्रत्येक मॅचमध्ये किमान अर्धा वेळ खेळवायचं, असा नियम धाकट्या गटांसाठी करा. ज्याची वाढ उशिरा होते आहे, त्याला सरावात कधी खालच्या गटात खेळू द्या. स्पर्धेत नाही, फक्त सरावात. आणि दुसरा भरभर वाढत असेल तर वरच्यांबरोबर खेळू द्या.

दुसरी गोष्ट मुलींची. दहा-अकरापर्यंत मुलगे-मुली एकत्र सहज खेळतात. मग अचानक मुली दिसेनाशा होतात. का? कपडे बदलायला जागा नाही, टॉयलेट नाही, अंधार पडल्यावर घरी सोडायला कोणी नाही, आणि "आता मोठी झालीस" हे वाक्य. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला. फायनल नवी मुंबईत, स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. आपल्या मुली तीनही सामने हरल्या, एकही गोल झाला नाही. ब्राझील, अमेरिका, मोरोक्को समोर होते. त्यांच्या खेळाला नावं ठेवण्याआधी आपल्या गावात तेरा वर्षांच्या किती मुली मैदानावर येतात, ते मोजा. क्लबच्या फलकावर "अंडर-थर्टीन मुली" असं लिहिलं की गट तयार होत नाही. त्यासाठी वेळ बदलावी लागते, एखादी ताई कोच म्हणून आणावी लागते, आणि आयांशी बोलावं लागतं.

तिसरी आणि शेवटची गोष्ट, मैदान. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखी माणसं रस्त्यावर उतरली होती. शेतं, विहिरी, वाड्या वाचाव्यात म्हणून. त्या पट्ट्यातच आपली खेळायची जागा आहे. वयोगट कागदावर कितीही छान आखा, मोकळी जागाच उरली नाही तर सगळ्यांचं वय मोबाइलवरच जाणार.

तर त्या आईला काय सांगायचं?

ती अजून टेबलापाशी उभी आहे. "असं कसं?" विचारते आहे.

"नियमच तसा आहे" हे अर्धं उत्तर झालं. पूर्ण उत्तर असं: "ताई, कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती एक जानेवारीला ओढली आहे. तुमचा मुलगा गटात सगळ्यात लहान असेल, हे आम्ही वहीत लिहून ठेवलंय. पहिली दोन वर्षं तो दमेल, ढकलला जाईल. पण त्याला आम्ही बसवून ठेवणार नाही."

एवढं जो क्लब म्हणू शकतो आणि पाळू शकतो, त्याला वयोगट कळला असं मी म्हणेन.

आता तुमचं काम. आज रात्री जेवताना आजीला किंवा आजोबांना त्यांची खरी जन्मतारीख विचारा. दाखल्यावरची नाही, खरी. कोणाचा १ जून निघतो, कोणाला पूर आठवतो, कोणाची नोंद चर्चच्या वहीत सापडते, ते आम्हाला कळवा. आणि रविवारी मैदानावर गेलात तर कडेला उभ्या असलेल्या सगळ्यात लहान पोराला आत बोलवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर खेळत राहा!